गोड्या पाण्याचे दोन हंडे

सोमवार, ९ नोव्हेंबर १९९२, चिंचणी

गाडी आज नाक्यावर मेली. गेले चार महिने वळण घेताना पुढच्या डाव्या चाकातून टक-टक असा आवाज येत होता. आज तो एकदाच मोठ्यानं आला आणि थांबला. त्यानंतर इंजिन ओरडतंय, गिअर पडतोय आणि गाडी जागची हलत नाही. मागे मासळीचा टेम्पो. टेम्पोवाला उतरून आला आणि मला विचारतो, "बाय, पेट्रोल हाय ना?"

चौतीस वर्षं मी मुंबईच्या हॉस्पिटलात काढली, त्यातली शेवटची अकरा मेट्रन म्हणून. तीनशे खाटा चालवल्या. मला विचारतो पेट्रोल हाय ना.

चौघांनी ढकलत घरी आणली. ढकलताना होडी ओढल्यासारखे एका सुरात ओरडत होते. मी आत स्टिअरिंग धरून ताठ बसले होते. रस्त्यावरची दोन लहान पोरं टाळ्या वाजवत बरोबर आली.

खरी अडचण वेगळीच आहे, ती लिहूनच ठेवते. दिवाळीत माझा भाचा प्रताप आला होता. बँकेत आहे, पोट सुटलंय, बोलणं बारीक. म्हणाला, "आत्या, सदुसष्टाव्या वर्षी एकटी राहतेस, वर गाडी हाकतेस. गाडी विकून टाकू. दहिसरला चल, एक खोली तुझीच आहे." त्या खोलीत त्याच्या बायकोचं शिवणयंत्र आणि तीन मोडके पंखे आहेत, मी पाहिली आहे. तेव्हा मी सगळ्यांच्या समोर म्हणाले, "ज्या दिवशी ही गाडी माझ्या अंगणात अडून बसेल, त्या दिवशी मी आपणहून पिशवी भरीन."

माझी जीभ मला एक दिवस गोत्यात आणील, असं सिस्टर युनिस कॉन्व्हेंटात सातवीतच म्हणाल्या होत्या. त्यांचं फारसं काही खरं होत नसे.

मंगळवार, १० नोव्हेंबर

गाडी चालत नसली म्हणून धुवायची नाही असं थोडंच आहे? सकाळी नेहमीसारखी धुतली. वरून, खालून, चाकांच्या आतून, पाइप लावून. गावातल्या बाकीच्या गाड्या पाहाव्यात. चिखलानं माखलेल्या, टायरला शेण, आणि वर काचेवर देवाचं नाव. विहीर माझी आहे, पाणी हवं तेवढं. डाळ तेवढी त्या पाण्यात शिजत नाही, दोन दोन तास गोट्यांसारखी राहते. म्हणून वरणाला आणि चहाला नळाचं पाणी, जे दिवसाआड तासभर आलं तर येतं. धुण्याला विहीर. गाडी घेतल्याला तीन वर्षं झाली, एक दिवस चुकवला नाही.

गुरुवार, १२ नोव्हेंबर

बोईसरहून मिस्त्री आला. दोन कारखान्यांच्या गाड्यांचं काम करतो म्हणे, त्यामुळे चप्पल काढायची पद्धत विसरला आहे. चाक काढलं, आत डोकावला आणि म्हणाला, "मॅडम, एक्सल गया. नया डालना पड़ेगा. साथ में लाया हूँ."

मला वाटलं, संपलं काम. चाकामागचा तो मोठा नट त्यानं पाइप लावून, स्वतः पाइपवर उभं राहून सोडवला. पण एक्सलचा दांडा ज्या लोखंडी गड्ड्यात बसतो, ज्याला तो हब म्हणतो, त्यातून दांडा बाहेर येईना. मग त्यानं हातोडा काढला. लहान, मग मोठा, मग घण. तासभर. दांड्याचं टोक ठोकून ठोकून अळंबीसारखं पसरलं, आता तो सुटला तरी भोकातून जाणार नाही. घाम पुसत मला म्हणतो, "पूरा जाम है। समझो वेल्ड हो गया। गाड़ी समुंदर में चलाती हो क्या?"

मी म्हटलं, मेरी गाड़ी में और तेरे हाथ में फर्क इतना है कि मेरी गाड़ी रोज धुलती है.

गाडी दोरीनं बांधून बोईसरला नेऊ, हब मुंबईहून मागवू, तीन आठवडे लागतील म्हणाला. दोरीनं बांधून माझी गाडी या गावातून जाणार नाही. नवा एक्सल ठेवून घेतला आणि त्याला वाटेला लावलं. एक्सल आता व्हरांड्यात वर्तमानपत्रात गुंडाळून पडलाय, पाय मोडलेल्या पेशंटच्या कुबडीसारखा.

दोष मला ठाऊक आहे. बोईसरच्या कारखान्यांचा धूर. वारा फिरला की खिडकीच्या गजांवरसुद्धा गंज येतो. गाडी बनवणाऱ्या कंपनीला तीन पानी पत्र टाकलं आहे, इंग्रजीत.

शनिवार, १४ नोव्हेंबर

प्रतापचं कार्ड. रविवार २९ला येतोय. "गाडीला एक चांगलं गिऱ्हाईक आहे, कागद घेऊनच येतो. सहज बघू." सहज! याला कोणी कळवलं? टेम्पोवाल्याचं त्याच्या बँकेत खातं असावं.

पंधरा दिवस.

रविवार, १५ नोव्हेंबर

सकाळी जमना बोंबील घेऊन आली. नवापूरची. वीस वर्षांपूर्वी माझ्या आईलाही तीच मासे द्यायची आणि तेव्हाही भाव पहिल्यांदा दुप्पटच सांगायची. गुडघे गेलेत तिचे, पायरीवर टोपली ठेवायला दोनदा बसते आणि तीनदा कण्हते. जॅकवर उभी गाडी पाहून म्हणाली, "ही अशी तंगडी वर करून का उभी हाय?"

मी म्हटलं, काम चाललंय.

"कोन करतंय? काम करनारा दिसत नाय."

"तुला बोंबील विकायचेत की चौकशी करायची आहे?"

"दोनी," म्हणाली. चाकाच्या जागी डोकं घालून बघितलं. "आमच्या म्हाताऱ्याला पाठवते. चाळीस वरसं होडीवर इंजिन चालवलं, अडकलेला पंखा त्याच्यावानी कोन काढीत नाय."

मी तिला समजावलं की ही मोटार आहे, होडी नाही. ती म्हणाली, "लोखंड ता लोखंडच ना? ते काय कॉन्व्हेंटात गेलेलं हाय?"

बोंबील ताजे होते. घेतले.

सोमवार, १६ नोव्हेंबर

धर्माजी आला. जमनाचा नवरा. वाळलेल्या सुकटीसारखा माणूस, कानात बिडी खोचलेली. नमस्कार नाही, काही नाही. गाडीपाशी उकिडवा बसला, नटाच्या जागेवर, हबवर बोट फिरवलं आणि ते बोट चाटलं. माझ्या डोळ्यांदेखत! मी त्याला साबण आणून दिला. त्यानं तो बाजूला ठेवला.

मग विचारलं, "बाय, गाडी कोन धुवतं?"

"मी. रोज. का?"

"कंच्या पान्यानं?"

"स्वच्छ पाण्यानं. फडक्यानं गाळून."

त्यानं विहिरीकडे बघितलं, मग माझ्याकडे, मग परत त्या लोखंडाकडे. "हां," म्हणाला. एवढंच. या माणसाशी बोलणं म्हणजे बंद दुकानाची कडी वाजवणं.

काढून देतो म्हणाला, पण घाई नाही करायची. आधी तीन-चार दिवस तेल पाजायचं. पैसे घेणार नाही. त्याची अट जमनानं कुंपणापलीकडून ओरडून सांगितली (ती तिथेच उभी होती): गाडी चालू झाली की आठवड्यातून एकदा तिला टोपलीसकट बोईसरच्या बाजारात सोडायचं. एस.टी.चा कंडक्टर टोपली घेत नाही आणि गुडघे चालू देत नाहीत.

माझ्या गाडीत मासळीची टोपली. त्या गाडीत मी आजवर कोणाला चिवडा खाऊ दिलेला नाही.

हो म्हटलं. तेरा दिवस राहिले आहेत. नंतरचं नंतर पाहू.

बुधवार, १८ नोव्हेंबर

तेल म्हणजे माशाचं तेल. होडीच्या फळ्यांना लावतात ते, त्यात रॉकेल मिसळलेलं. सकाळ-संध्याकाळ धर्माजी येतो, कापसाचा बोळा भिजवून त्या दांड्याभोवती दाबतो, बिडी ओढतो, जातो. याला काम म्हणतात. पसरलेलं टोक मात्र कानशीनं घासून सारखं केलं, ते नीट केलं आहे.

वास असा की माझ्या वरणाला लागला. गावातली सगळी मांजरं गाडीखाली जमली आहेत. काल अकरा मोजली. एक बोका बॉनेटवर बसून माझ्याकडे अशा नजरेनं पाहतो, जशी नवी नर्स पहिल्या दिवशी मेट्रनकडे पाहत नाही.

कंपनीचं उत्तर आलं. "वाहनाचा खाऱ्या पाण्याशी वारंवार संपर्क आल्याचे दिसते." दिसते! दिल्लीकडे बसून यांना चिंचणीतलं दिसते. मी काय गाडीत बसून पापलेट पकडते? फाडून टाकलं.

गुरुवार, १९ नोव्हेंबर

सहन झालं नाही. दुपारी मांजरं हाकलली, साबणाचा चुरा घेतला, पाइप लावला आणि ते सगळं घाणेरडं तेल धुऊन काढलं. हबच्या आत पाणी सोडून, ब्रशनं. तीन दिवसांत जेवढं मुरायचं तेवढं मुरलंच असेल. जखमेवर सुद्धा आपण जुना बोळा ठेवून देत नाही.

आता कसं दिसतंय. ऑपरेशन थिएटरसारखं.

शुक्रवार, २० नोव्हेंबर

धर्माजी आला, गाडीपाशी बसला आणि बसूनच राहिला. कानातली बिडी काढली, पेटवली नाही, परत खोचली. मग उठून निघून गेला.

पाठोपाठ जमना. टोपली दारातच टाकली. "बाय, काय केलंस गं! चार दिवस म्हाताऱ्यानं तेल पाजलं नि तू परत मीठ घातलंस?"

मी म्हटलं, मीठ कसलं? पाणी घातलं. स्वच्छ.

"स्वच्छ! तोंडात घेऊन बघ ते स्वच्छ पानी. सगल्या गावाला ठावं हाय, मेट्रनबाय रोज सकाली उठून गाडीला लोनचं घालते. तुला सांगनार कोन? तू कोनाचं ऐकतेस? आमी होडी दर्यातून आनली का आधी इंजिनाला गोडं पानी मारतो. घरात प्यायला नसलं तरी इंजिनाला! नि तू बसलीस गोडं पानी पिऊन, नि गाडीला खारं."

माझ्या दारात, माझ्यावर, एकेरीत. मी तिला सांगितलं की यापुढे मासे नकोत. ती म्हणाली, "नको तर नको, डाल खा. शिजली तर."

माझ्या आयुष्यात माझ्याशी असं कोणी बोललेलं नाही. सर्जनसुद्धा नाही.

रविवार, २२ नोव्हेंबर

काल काही लिहिलं नाही. लिहिण्यासारखं नव्हतं. डाळ शिजली नाही.

आज दुपारी विहिरीचं पाणी पेल्यात घेतलं आणि तोंडात घेऊन थुंकलं. मधली मुंबईची वर्षं सोडली तर या विहिरीच्या पाण्यानं मी जन्मापासून आंघोळ करते आहे. लहानपणी आई म्हणायची, पिऊ नको, मचूळ आहे. मचूळ म्हणजे काय ते कधी विचारलं नव्हतं. मला वाटायचं, तो एक विहिरींचा प्रकार असतो.

विहिरीला काय कळतं. पाणी जसं असतं तसं असतं.

एक आठवडा राहिला.

सोमवार, २३ नोव्हेंबर

सकाळी सहाला नळ आला. दोन हंडे भरले, अंगणात नेले, चाकाच्या जागी ओतले. तांब्यानं, आतून, हळूहळू. तिसऱ्या हंड्याला पाणी गेलं. प्यायला अर्धी कळशी आहे. वरण परवा.

ओतत होते तेव्हा जमना कुंपणाबाहेरून टोपली घेऊन चालली होती. थांबली. मी मान वर केली नाही. ती काही बोलली नाही, आणि तिच्या बाबतीत ही मोठीच बातमी आहे.

मंगळवार, २४ नोव्हेंबर

सकाळी दार उघडलं तर धर्माजी गाडीपाशी. बोट फिरवलं, चाटलं.

"गोडं," म्हणाला.

मी म्हटलं, चहा घेणार का? घेतला. दोन कप. माझी अर्धी कळशी.

परत तेल. परत मांजरं. येऊ देत.

गुरुवार, २६ नोव्हेंबर

आज त्यानं होडीचा पाण्याखालचा पंखा काढायची थाळी आणली. जाड लोखंडी चकती, कडेला भोकं, मध्ये आटे पाडलेला मोठा बोल्ट. भोकं माझ्या चाकाच्या चार बोल्टांना जुळत नव्हती, ती लोहाराकडून मोठी करून आणली. चकती हबवर बसवून घट्ट केली की मधला बोल्ट दांड्याच्या टोकाला आत ढकलतो. मी ब्रेकवर पाय देऊन बसले, त्यानं पाइप लावून बोल्ट आवळला. करकर असा आवाज, मग काही नाही.

"आता?" मी विचारलं.

"आता जेवून येतो."

"आवळ ना अजून!"

"नाय. ओढ लावली. आता त्याचं त्याला कलू द्या."

मी त्याला चांगलं सुनावलं. तीन दिवस राहिलेत, गिऱ्हाईक येतंय, आणि हा जेवायला चालला. तो शांतपणे म्हणाला, "बाय, तुमी बालंतपनं केलीत ना? अडलं का ओढत होता?"

वीस वर्षं मी नव्या नर्सना हेच ओरडून सांगत होते. याला कोणी सांगितलं?

दर चहाला बोल्टाचा पाव फेरा. हबवर चहूबाजूंनी लहान हातोडीचे टिचके, दांड्यावर एकही नाही. दिवसभरात पाच चहा झाले. दांडा जिथल्या तिथे. संध्याकाळी मोठी पिशवी माळ्यावरून काढून झटकली. हवा लागायला हवी होती तिला, बऱ्याच दिवसांत काढली नव्हती.

शुक्रवार, २७ नोव्हेंबर

दुपारी साडेबाराला मी भात वाढून घेत होते. धर्माजी व्हरांड्यात भाकर खात बसला होता, जमना शेजारी. अंगणात बंदूक उडाल्यासारखा आवाज झाला. अकराच्या अकरा मांजरं कुंपणावरून पार.

मी हातातला डाव घेऊन तशीच धावले. दांडा बोटभर आत सरकला होता.

धर्माजी जागचा उठलासुद्धा नाही. घास गिळून म्हणाला, "आली." जमनानं तेवढ्यात कुंपणाकडे तोंड करून सगळ्या गावाला कळवलं. मला काय झालं कोण जाणे, मी आत येऊन दोन मिनिटं स्वयंपाकघरात बसून राहिले. धूर फार होता. गॅस असूनसुद्धा.

शनिवार, २८ नोव्हेंबर

जुना एक्सल निघाला. दातांवर गंजाचा थर, बुरशी आलेल्या पावासारखा. धर्माजीनं तो माझ्यासमोर धरला. मी तो वर्तमानपत्रात गुंडाळून ठेवला.

नवा बसवला. दातांना भरपूर ग्रीस. गिअरबॉक्समधून सांडलं तेवढं नवं तेल भरलं. नाक्यापर्यंत जाऊन आले. डावीकडे पूर्ण वळवली, उजवीकडे पूर्ण वळवली, परत डावीकडे. टक नाही की टुक नाही. टेम्पोवाला उभा होता. काच खाली करून त्याला विचारलं, "पेट्रोल आहे ना रे?"

गाडी आज धुतली नाही. परतताना पुढून एक बैलगाडी गेली, सगळी धूळ बॉनेटवर. बसली आहे तशीच.

रविवार, २९ नोव्हेंबर

प्रताप साडेदहाला आला. फाटकातच थांबला, गाडीकडे पाहिलं आणि त्याचा चेहरा मऊ झाला. पेशंट गेल्यावर नातेवाइकांना सांगायला येणाऱ्या शिकाऊ डॉक्टरांचा होतो तसा.

"आत्या, किती दिवस उभी आहे गं? केवढी धूळ बसलीय. तुझी गाडी अशी मी कधी पाहिली नव्हती." बॉनेटवर बोट ओढून त्यानं रेघ काढली. "वाईट नको वाटून घेऊस. तू तुझा शब्द पाळशील, मला माहीत आहे. गिऱ्हाईक दुपारी बोईसर स्टेशनवर भेटतंय." आणि बॅगेतून कागद काढले. पेनसुद्धा काढून टोपण उघडून ठेवलं. बँकेतला माणूस.

मी म्हटलं, "स्टेशनवर ना? चल, सोडते."

"कशानं?"

"बस."

तो बसला. जमना सकाळपासून मागच्या सीटवर टोपली घेऊन बसलीच होती, आज तिचा बाजाराचा दिवस. टोपलीखाली मी जुनी चादर घातली आहे, सीटसाठी. प्रतापनं मागे वळून पाहिलं, नाकाला रुमाल लावला आणि सभ्यपणे नमस्कार केला. टोपलीला केला की तिला, ते कळलं नाही.

मी किल्ली फिरवली. पहिल्या झटक्याला सुरू. प्रतापच्या हातातले कागद मांडीवर गेले. अंगणात मी मुद्दामच एक पूर्ण वळण घेतलं, डावीकडे. ऐकण्यासारखं काही नव्हतं. त्यानं तरी कान दिला, मग पेनाचं टोपण लावलं.

फाटकातून निघताना म्हणाला, "मग धुतली का नाहीस आत्या? तू आणि गाडी धुवायची नाही?"

"पाण्याची टंचाई आहे," मी म्हटलं.

विहीर त्याच्याच बाजूला होती. कठड्यापासून हातभर खाली पाणी, वर आभाळ दिसत होतं. त्यानं विहिरीकडे पाहिलं. मी रस्त्याकडे.

मागून जमना म्हणाली, "हां ना भाऊ. यंदा पानीच नाय."

खोटं बोलताना त्या बाईचा चेहरा जरासुद्धा हलत नाही. आरशात पाहिलं मी. उतरताना तिनं बोंबलांचा भाव दुप्पटच सांगितला. घासाघीस न करता दिले.